पीसीओएस आणि पोटाचा घेर: कोणतं हार्मोन काय करतं, आणि त्यावर काम कसं करायचं

मानेच्या मागे, काखेत किंवा जांघेत त्वचा काळसर, जाडसर, मखमलीसारखी झाली असेल तर ती बेसन-लिंबू लावून घासू नका. तो मळ नाही. रक्तात इन्सुलिन सतत चढं राहिलं की त्वचेच्या पेशी भराभर वाढतात आणि असा पट्टा उमटतो. पीसीओएसमध्ये (पॉलिसिस्टिक ओव्हरी सिंड्रोम, म्हणजे अंडाशय आणि हार्मोन यांचा बिघाड; बोलताना बहुतेकजणी पीसीओडी म्हणतात, मतलब तोच) पोटावर साठणाऱ्या चरबीमागेही बहुतेक वेळा हेच इन्सुलिन असतं. त्यामुळे वजनाच्या काट्यावर चढण्याआधी इन्सुलिनचा कारभार समजून घेणं फायद्याचं आहे. तो समजला की कोणती तपासणी कामाची, कोणता व्यायाम का, आणि गोळ्या घेऊनही घेर का उतरत नाही, हे सगळं उलगडत जातं.

स्नायू बहिरे, अंडाशय मात्र ऐकतं

जेवल्यावर रक्तातली साखर वाढते आणि स्वादुपिंड इन्सुलिन सोडतं. हे इन्सुलिन स्नायूंना सांगतं, साखर आत घ्या. पीसीओएसमध्ये पुष्कळजणींचे स्नायू हा निरोप नीट ऐकत नाहीत. मग स्वादुपिंड आवाज चढवतं, म्हणजे आणखी इन्सुलिन सोडतं. साखरेचा रिपोर्ट अनेक वर्षं नॉर्मल येत राहतो, पण तो नॉर्मल ठेवायला जास्त इन्सुलिन खर्ची पडत असतं.

अडचण अशी की शरीराचे सगळे भाग सारखे बहिरे नसतात. अंडाशयाच्या ज्या पेशी पुरुषी हार्मोन (अँड्रोजेन) बनवतात त्यांना इन्सुलिन स्पष्ट ऐकू येतं. मेंदूतल्या पिट्यूटरी ग्रंथीकडून येणारं एलएच हे हार्मोन आणि हे जादा इन्सुलिन, दोघं मिळून त्या पेशींकडून टेस्टोस्टेरॉन आणि अँड्रोस्टेनडायोन जास्त बनवून घेतात. तेच इन्सुलिन यकृतात जाऊन एसएचबीजी नावाचं प्रथिन कमी करतं. हे प्रथिन टेस्टोस्टेरॉनला धरून ठेवतं, म्हणजे निकामी ठेवतं. ते कमी झालं की मोकळं टेस्टोस्टेरॉन वाढतं. हनुवटीवरचे केस, जबड्याजवळचे फोड, भांग रुंद होणं ही त्याच मोकळ्या टेस्टोस्टेरॉनची कामं.

आता चरबीकडे येऊ. पुरुषात टेस्टोस्टेरॉन कमी झालं की पोट सुटतं, बाईत ते वाढलं की पोट सुटतं. इस्ट्रोजेनच्या राज्यात बाईची चरबी कंबरेखाली, मांड्यांवर बसते आणि तिथे ती फारसा उपद्रव करत नाही. अँड्रोजेन वाढलं की साठवण पोटाकडे सरकते. पोटाच्या त्वचेखालच्या चरबीपेशींवर अँड्रोजेनचा परिणाम असा की साठलेली चरबी मोडून बाहेर सोडण्याचं त्यांचं काम मंदावतं आणि पेशी फुगत जातात. वरून इन्सुलिनही चरबी मोडायला मनाई करतच असतं. म्हणजे दाराला दोन कुलपं.

आणि ही चरबी नुसती पडून राहत नाही. तिच्यात एकेआर१सी३ नावाचं एक एन्झाइम असतं. ते अँड्रोस्टेनडायोनचं टेस्टोस्टेरॉन करतं आणि इन्सुलिन त्या एन्झाइमला चालना देतं. पोटाची चरबी स्वतःच टेस्टोस्टेरॉनचा कारखाना बनते. त्याच वेळी इन्सुलिनला मदत करणारं अॅडिपोनेक्टिन हे हार्मोन ती कमी सोडते. बहिरेपणा वाढतो, इन्सुलिन आणखी चढतं, आणि चक्र सुरू राहतं. म्हणून "आधी पीसीओएस की आधी वजन" या वादात शिरण्यापेक्षा चक्र कुठे तोडता येईल ते पाहावं. सगळ्यात हाताशी येणारी जागा इन्सुलिनची आहे.

प्रोजेस्टेरॉनचाही यात एक धागा आहे. बीज बाहेर पडलं नाही तर प्रोजेस्टेरॉन तयार होत नाही, आणि मेंदूकडून येणारे एलएचचे ठोके मंद करणारं कोणी उरत नाही. सोनोग्राफीत दिसणाऱ्या "गाठी" म्हणजे गाठी नव्हेतच. २ ते ९ मिलिमीटरवर वाढ थांबलेल्या त्या बीजपुटिका आहेत. त्या काढून टाकायच्या नसतात.

घेर कसा मोजायचा

वजनाआधी टेप घ्या, शिंप्याची कापडी चालेल, पण ताणून सैल झालेली नको. बहुतेकजणी परकराची नाडी बांधतात तिथे किंवा बेंबीवर मोजतात. दोन्ही जागा चुकीच्या, कारण पोट सैल झालं की बेंबी खाली सरकते, आणि नाडी प्रत्येकीची वेगळ्या ठिकाणी असते.

सकाळी शौचाला जाऊन आल्यावर, काही न खाता, पाय थोडे फाकवून सरळ उभ्या राहा. बाजूला बोटांनी शेवटची बरगडी शोधा, मग कंबरेच्या हाडाचा वरचा काठ शोधा, आणि दोन्हींच्या बरोबर मध्ये पेनाने खूण करा. दुसऱ्या बाजूलाही. टेप दोन्ही खुणांवरून जमिनीला समांतर फिरवा, त्वचेला टेकेल पण रुतणार नाही इतकीच. पोट आत ओढू नका. नेहमीसारखा श्वास सोडा आणि त्या क्षणी आकडा वाचा. दोनदा मोजा. एक सेंटिमीटरपेक्षा जास्त फरक आला तर तिसऱ्यांदा मोजून सरासरी लिहा. हे दोन आठवड्यांतून एकदा पुरे. रोज मोजलं तर पोटातला वायू आणि पाणीच मोजलं जातं.

आशियाई बायकांसाठी ८० सेंटिमीटर ही धोक्याची रेषा धरतात. दुसरा सोपा पडताळा म्हणजे घेर उंचीच्या निम्म्यापेक्षा कमी हवा. उंची १५४ असेल तर ७७. बीएमआयसाठीही आपल्या रेषा खाली आहेत: २३ पासून जादा वजन, २५ पासून स्थूलता.

"मी तर बारीक आहे" म्हणणाऱ्यांनीही टेप घ्यावी. पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन यांचा २००४ साली लॅन्सेटमध्ये छापलेला फोटो यासाठी आठवावा. दोघांचा बीएमआय एकच, २२.३. पण युडकिनांच्या अंगात चरबी ९.१ टक्के आणि याज्ञिकांच्या अंगात २१.२ टक्के. दोघं पुरुष होते, मुद्दा मात्र आपल्या सगळ्यांना लागू आहे: भारतीय शरीर काट्यावर हलकं दिसत असतानाच आत चरबी बाळगून असू शकतं. सडपातळ बाईतही पीसीओएस आणि इन्सुलिनचा बहिरेपणा असतो.

कोणत्या तपासण्या, आणि त्या कुठे फसतात

निदानासाठी तीनपैकी दोन गोष्टी लागतात: अनियमित पाळी (३५ दिवसांपेक्षा लांबणारी किंवा वर्षाला आठपेक्षा कमी), अँड्रोजेन वाढल्याची लक्षणं किंवा रिपोर्ट, आणि सोनोग्राफी. २०२३ च्या आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक तत्त्वांनुसार प्रौढ बायकांत सोनोग्राफीऐवजी एएमएच (बीजपुटिकांमधून येणारं हार्मोन) ही रक्ततपासणीही चालते. पाळी सुरू होऊन आठ वर्षं झाली नसतील तर सोनोग्राफी किंवा एएमएचवरून मुलीला हे लेबल लावत नाहीत, त्या वयात अशी अंडाशयं सर्रास दिसतात. टीएसएच (थायरॉइडची तपासणी), प्रोलॅक्टिन आणि १७-ओएच प्रोजेस्टेरॉन या रक्ततपासण्या करून तशीच लक्षणं देणारे दुसरे आजार आधी बाजूला काढावे लागतात.

टेस्टोस्टेरॉनसोबत एसएचबीजी मागून घ्या. दोन्हींचं गणित मोकळ्या टेस्टोस्टेरॉनचा अंदाज देतं. टेस्टोस्टेरॉन नॅनोग्रॅम प्रति डेसिलिटरमध्ये असेल तर ०.०३४७ ने गुणा, आलेल्या आकड्याला १०० ने गुणून एसएचबीजीने (नॅनोमोल प्रति लिटर) भागा. दोघींचं टेस्टोस्टेरॉन ६० आहे असं धरू. एकीचं एसएचबीजी ५०, तर उत्तर ४.२. दुसरीचं २०, तर उत्तर १०.४. रिपोर्टवर टेस्टोस्टेरॉन तेच, मोकळ्या टेस्टोस्टेरॉनचा अंदाज मात्र अडीचपट. साधारण ५ च्या वरचा आकडा वाढलेला मानतात, पण रेषा लॅबनुसार बदलते.

इथे दोन चुका वारंवार होतात. पहिली, गर्भनिरोधक गोळ्या चालू असताना केलेली तपासणी. गोळी एसएचबीजी वाढवते, त्यामुळे रिपोर्ट खोटा चांगला येतो. खरा आकडा हवा तर गोळी बंद होऊन तीन महिने जावे लागतात, आणि ते डॉक्टरांना विचारून, दुसरं गर्भनिरोधक वापरत करायचं. दुसरी चूक केसांसाठी घेतलेलं बायोटिन. काही लॅबच्या पद्धतीत ते टीएसएच खोटं कमी आणि टेस्टोस्टेरॉन खोटं जास्त दाखवतं. रक्त देण्याआधी किमान दोन-तीन दिवस ते थांबवा आणि लॅबला सांगा.

साखरेसाठी सगळ्यात बोलकी तपासणी म्हणजे ७५ ग्रॅम ग्लुकोज पिऊन दोन तासांनी केलेली. उपाशी साखर १०० ते १२५ किंवा दोन तासांची १४० ते १९९ असेल तर मधुमेहाचा उंबरठा. एचबीए१सी (साधारण तीन महिन्यांच्या साखरेची सरासरी सांगणारी तपासणी) ५.७ ते ६.४ म्हणजेही तोच उंबरठा, पण लोहाच्या कमतरतेने रक्त कमी असेल तर एचबीए१सी खोटी वाढलेली दिसू शकते. आपल्याकडे बायकांत ही कमतरता इतकी आहे की हिमोग्लोबिन न बघता त्या आकड्यावर विसंबू नये.

उपाशी इन्सुलिन बरेच डॉक्टर सांगतात. त्यातून निघणारा होमा आकडा, म्हणजे इन्सुलिनच्या बहिरेपणाचा अंदाज: उपाशी साखर गुणिले इन्सुलिन भागिले ४०५. साखर ९२ आणि इन्सुलिन १८ असेल तर ४.१. पण इन्सुलिनचे आकडे लॅबगणिक हलतात, म्हणून मार्गदर्शक तत्त्वं ही तपासणी सरसकट करायला सांगत नाहीत. ती केली नाही तरी काही अडत नाही. मानेचा पट्टा, घेर आणि दोन तासांची साखर पुरेसं सांगून जातात.

आवाज जाड होणं किंवा काही महिन्यांत झपाट्याने केस वाढणं, पोटावर बोटभर रुंद जांभळे पट्टे, जरा लागलं की काळंनिळं होणं, जिना चढताना मांड्यांत ताकद न राहणं, यातलं काही असेल तर ते पीसीओएस म्हणून सोडून देऊ नका. लवकर एंडोक्रायनॉलॉजिस्टला (हार्मोनच्या डॉक्टरांना) दाखवा.

ताटात काय बदलायचं

पीसीओएससाठी अमुक एकच आहार श्रेष्ठ असं सिद्ध झालेलं नाही. कीटो, ग्लुटेन बंद, दूध बंद यांची सक्ती नाही. वजन जादा असेल तर ५ ते १० टक्के उतरल्यावरही इन्सुलिन, पाळी आणि केस यांत फरक पडू लागतो. ७० किलोला हे ३.५ ते ७ किलो होतात, म्हणजे लग्नाआधीच्या वजनावर परत जायची गरज नाही.

आपल्या जेवणातली मोठी त्रुटी प्रथिनांची आहे. जेवणागणिक २० ग्रॅम हे लक्ष्य ठेवा (मूत्रपिंडाचा आजार असेल तर डॉक्टरांना विचारून). सकाळी दोन अंडी आणि ग्लासभर दूध, हे १८-१९ ग्रॅम. शाकाहारी असाल तर ५० ग्रॅम मुगाची धिरडी आणि ५० ग्रॅम पनीर, साधारण २१. दुपारी ३० ग्रॅम तूरडाळीचं घट्ट वरण, ४० ग्रॅम कोरड्या मटकीची उसळ आणि १५० ग्रॅम दही मिळून २० च्या आसपास. रात्री १०० ग्रॅम बांगडा घेतला तर एकट्यातूनच १९-२०. सोया चंक्स कोरडे ३० ग्रॅम घेतले तर १५. ग्रॅम सगळे न शिजवलेल्या धान्याचे आहेत. आठवडाभर स्वयंपाकघरातल्या काट्यावर मोजा, मग डोळ्याला अंदाज बसतो.

नुसते पोहे, नुसता उपमा, चहा-बिस्किट हे नाश्ते इन्सुलिनसाठी सगळ्यात वाईट, कारण त्यात साखर अडवायला काहीच नाही. पोहे सोडायचे नाहीत, निम्मे करायचे. ३० ग्रॅम पोहे, त्यात वाटीभर मोड आलेली मटकी, शेंगदाणे, सोबत दही किंवा अंडं. जेवताना कोशिंबीर आणि उसळ आधी खा, भाकरी-भात नंतर. ताट तेच, पण साखरेची उसळी बसते.

उपवासाचं तर स्वतंत्र सांगायला हवं. ५० ग्रॅम साबुदाण्यात सुमारे ४४ ग्रॅम पिष्ट आणि प्रथिन जवळपास शून्य. दिवसभर उपाशी राहून संध्याकाळी खिचडीची ताटली आणि वर बटाट्याचा किस, यापेक्षा मोठी इन्सुलिनची लाट घरच्या जेवणातून क्वचितच येते. उपवास धरायचा असेल तर राजगिऱ्याची भाकरी, दही, शेंगदाण्याची आमटी, काकडी, आणि चालत असेल तर पनीर.

गुळाला साखरेपेक्षा वेगळं समजू नका, इन्सुलिनला तो फरक कळत नाही. दिवसाला चार कप चहा आणि कपाला दोन चमचे म्हणजे ४० ग्रॅम साखर. तेलाचा हिशेब घरच्या डब्यावरून करा: माणशी महिन्याला अर्धा लिटर, चौघांना दोन लिटर.

आणि उपाशी मरू नका. रोजच्या गरजेपेक्षा ४०० ते ५०० कॅलरी कमी एवढंच. ८०० कॅलरींचा क्रॅश डाएट स्वतःच्या मनाने केला तर स्नायू झिजतात, आणि जेवणातली साखर मुख्यतः स्नायूच रिचवतात. वर चरबीतून येणारं लेप्टिन हे हार्मोन कोसळलं की मेंदू उपासमार समजतो आणि उरलीसुरली पाळीही थांबवतो.

स्नायूंना बहिरेपणातून उठवणं

व्यायाम इथे कॅलरी जाळण्यापेक्षा मोठं काम करतो. स्नायू आकुंचन पावला की साखर आत घेणारी दारं (जीएलयूटी४) इन्सुलिनचा निरोप न येताही उघडतात. व्यायामानंतर साधारण एक ते दोन दिवस स्नायू इन्सुलिनचंही जास्त ऐकतात. त्यानंतर परिणाम ओसरतो, म्हणून सलग दोन दिवसांहून मोठा खंड पडू देऊ नका. रविवारी दोन तास ट्रेक आणि बाकी आठवडा खुर्ची, हे इथे चालत नाही.

आठवड्याला किमान १५० मिनिटं भरभर चालणं, म्हणजे बोलता येईल पण गाणं म्हणता येणार नाही इतक्या वेगाने. वजन उतरवायचं असेल तर हळूहळू २५० मिनिटांपर्यंत न्या. जेवणानंतरची १०-१५ मिनिटांची शतपावलीही यात धरा, ती थेट त्या जेवणाची साखर उतरवते.

पण ताकदीचा व्यायाम सोडून नुसतं चालत राहणं ही मोठी चूक आहे, आणि ती जवळजवळ सगळ्याजणी करतात. आठवड्यातून दोन-तीन वेळा, मध्ये एक दिवस सोडून: उठाबशा, भिंतीला किंवा ओट्याला हात टेकून पुश-अप, पाठीच्या पिशवीत पुस्तकं भरून ती कंबरेकडे ओढणं, पाठीवर झोपून कंबर उचलणं. प्रत्येकाचे ८ ते १२ चे तीन फेरे, मध्ये एक-दीड मिनिट थांबून. शेवटचे दोन जड गेले पाहिजेत. बारा सहज जमू लागले की पिशवीत किलोभर वजन वाढवा. गुडघे दुखत असतील तर उठाबशा खुर्चीवर बसून-उठून करा. "वजन उचललं तर पुरुषासारखे दंड होतील" ही भीती सोडा. पीसीओएसमधलं टेस्टोस्टेरॉन पुरुषाच्या पातळीच्या जवळपासही नसतं.

झोप सात तास. काही रात्री झोप तुटली तरी इन्सुलिनची संवेदनशीलता घसरते. घोरणं, सकाळी डोकं दुखणं, दिवसा पेंग येणं असेल तर झोपेची तपासणी करून घ्या. श्वास अडखळण्याचा आजार पीसीओएसमध्ये जास्त दिसतो, अगदी तरुण वयातही.

गोळ्या काय करतात, काय करत नाहीत

गर्भनिरोधक गोळी यकृताकडून एसएचबीजी वाढवून घेते आणि अंडाशयाला शांत करते. फोड आणि केस यांना त्याने फायदा होतो. इन्सुलिनचा बहिरेपणा मात्र ती सोडवत नाही, म्हणून घेर तसाच राहतो. गोळीवर येणारा रक्तस्राव म्हणजे बीज बाहेर पडल्याची पाळी नव्हे. धूम्रपान, झगमगाट दिसून येणारी अर्धशिशी, पायात गुठळी झाल्याचा इतिहास किंवा उच्च रक्तदाब असेल तर हे आधी सांगा.

मेटफॉर्मिन इन्सुलिनवर काम करतं. डॉक्टर सहसा ५०० मिलिग्रॅमपासून, जेवणासोबत, सुरू करतात आणि दर एक-दोन आठवड्यांनी वाढवतात. बऱ्याचजणी जुलाब-मळमळ सुरू झाली की तिसऱ्या दिवशी सोडून देतात. उपाशी घेतलं किंवा डोस घाईने वाढवला की हे होतं. हळू विरघळणारी गोळी मागून बघा. दीर्घकाळ घेत असाल, त्यातही शाकाहारी असाल, तर बी१२ तपासत राहा. वजन मेटफॉर्मिनने थोडंच उतरतं. इनोसिटॉल या पूरक गोळी-पावडरीने फार अपाय नाही, पण फायद्याचा पुरावा मर्यादित आहे. महिन्याला त्यावर किती खर्च करायचा ते हे लक्षात घेऊन ठरवा. स्पायरोनोलॅक्टोन (अँड्रोजेनचा परिणाम अडवणारी गोळी) आणि वजनासाठीची इंजेक्शनं घेताना गर्भधारणा टाळावीच लागते.

पाळी ९० दिवस आली नाही तर वाट बघत बसू नका. प्रोजेस्टेरॉनशिवाय गर्भाशयाचं अस्तर नुसतं वाढत राहतं. त्यात चरबीपेशीसुद्धा इस्ट्रोजेन बनवतात, म्हणजे वजन जास्त तसा त्या अस्तरावरचा दाब जास्त. गोळ्या देऊन पाळी आणण्याआधी मात्र गर्भचाचणी करा.

बारा आठवड्यांनी काय बघायचं

पहिले तीन-चार आठवडे काटा जागचा हलत नाही आणि इथेच बहुतेकजणी सोडून देतात. ताकदीचा व्यायाम नवीन सुरू केल्यावर स्नायू पाणी धरतात, आणि पाळीच्या आधी किलो-दीड किलो पाणी असंच साठतं. पाळी कधी येणार हेच माहीत नसेल तर आजचं वजन पाण्याचं की चरबीचं ते कळतच नाही. म्हणून घेराची वही जपा. वजन तेच आणि घेर तीन सेंटिमीटर कमी, तर मेहनत योग्य जागी लागते आहे. जेवणानंतरची गुंगी आणि गोडाची ओढ कमी होणं ही त्याआधीची खूण. मानेचा पट्टा उजळायला बरेच महिने लागतात. चेहऱ्यावरच्या केसांना किमान सहा महिने द्या, कारण केसाचं एकेक चक्रच तेवढं लांब असतं.

बारा आठवड्यांत घेर अजिबात हलला नसेल तर प्रथिनं आणि पिशवीतलं वजन खरोखर वाढलं का ते आधी तपासा, मग टीएसएच, झोप आणि चालू असलेल्या इतर औषधांकडे बघा. स्टिरॉइड, मानसिक आजाराची किंवा फिटची काही औषधं घेर वाढवतात. ती स्वतःहून बंद करू नका, पर्याय विचारा. जेवण एकदम आवरत नाही, रात्री लपूनछपून खाणं होतं, असं असेल तर तेही डॉक्टरांना सांगा. पीसीओएसमध्ये नैराश्य आणि खाण्यावरचा ताबा सुटणं दोन्ही जास्त आढळतं आणि दोन्हींवर उपचार आहेत.

आणि इन्सुलिन उतरू लागलं की बीज बाहेर पडणं कधी सुरू होईल ते सांगता येत नाही. पहिली पाळी यायच्या आधीच गर्भ राहू शकतो. मूल हवं असेल तर त्याआधीच फॉलिक अॅसिड सुरू करा आणि चालू औषधं डॉक्टरांकडून तपासून घ्या. नको असेल तर "मला पीसीओडी आहे, मला काय होणार" यावर न विसंबता पहिल्या आठवड्यापासून गर्भनिरोधक वापरा.